निळ्या स्क्रीनवर अडकलेली पत्रिका

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबादला, लग्नपत्रिकांचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचं माझं दुकान होतं. गावात कॉम्प्युटर मोजकेच, आणि ते दुरुस्त करणारं कुणीच नव्हतं.

एका सकाळी गुडीहत्नूरकडचे एक शेतकरी मुलीची लग्नपत्रिका करायला आले. मुलगी सोबतच होती. मी मजकूर जुळवत असताना ती हळूच म्हणाली, "ताई, माझ्या नावापुढं बी.ए. लिहा ना."

"नको," वडील म्हणाले. "पोरगा बारावी हाये. त्याईले कसं वाटन?"

मुलीला मजकूर तपासायला बसवून वडील कापड घ्यायला गेले. त्यांच्या परतीच्या संध्याकाळच्या बसच्या आत पत्रिका छापखान्यात जायची होती.

मराठी मजकूर संपून तेलुगू सुरू केला आणि स्क्रीन एकदम निळा झाला. वर पांढरी इंग्रजी अक्षरं. कळ दाबली, बंद करून चालू केला. पुन्हा निळा.

"काय झालं, ताई?"

"काही नाही," मी म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या.

मशीन नागपूरहून घेतलं होतं. शेजारच्या एसटीडी बूथवर धावले. "मॅडम, लाइन नहीं मिल रही," बूथवाला म्हणाला. दुकानात आले, निळा स्क्रीन पाहिला, परत बूथवर गेले. अशा किती खेपा झाल्या कोण जाणे. शेवटी नागपूरचा इंजिनियर फोनवर सापडला. तो म्हणाला, "कॉम्प्युटरचा डबा उघडा. अंगातली वीज उतरावी म्हणून आधी लोखंडाला हात लावा. मेमरीच्या पट्ट्या काढा, त्यांची सोनेरी कड खोडरबरानं पुसा आणि खट् आवाज येईपर्यंत परत दाबा."

डबा मी कधी उघडला नव्हता. टेबलाखाली अंधार होता. मुलगी बॅटरी धरून शेजारी बसली. पट्टी निघेना. जोर लावावा तर मोडायची भीती, न लावावा तर वेळ चाललेला.

"तुमी घाबरून राह्यल्या काय?"

"हो."

"मी बी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

पट्ट्या पुसून बसवल्या. मशीन चालू झालं, पण पत्रिका उघडली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. सगळं पुन्हा जुळवायला घेतलं. तिच्या नावाशी आले आणि बोटं थांबली. मी तिच्याकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "बाबाशी मी बोलतो."

वडील घाईघाईतच आले. मजकुराचा कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे काऊन टाकलं?"

"मीच सांगतलं, बाबा. तुमी मले रोज बसनं आदिलाबादले शिकाले धाडलं, ते कोनाले सांगाचंच नाही काय?"

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग मला विचारलं, "तुमच्या पत्रिकेत होतं काय, ताई?"

"नव्हतं. मला हवं होतं."

त्यांनी कागद परत दिला. "छापा."

पत्रिका वाटल्यावर मुलाकडे थोडी कुरकुर झाली, असं पुढे मुलीच्या वडिलांनीच सांगितलं. लग्न मात्र ठरल्या दिवशी झालं.

त्या संध्याकाळी ती दोघं बसकडे गेली आणि मी कॉम्प्युटर बंद केला. घरी जायची वेळ झाली होती, तरी पाय निघेना. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि माझ्या पत्रिकेतून गळालेल्या त्या दोन अक्षरांविषयी मी माझ्या वडिलांना एकदाही विचारलं नव्हतं. बूथवर जाऊन मी निर्मल गावचा, माझ्या माहेरचा नंबर सांगितला.