बूट, टाय आणि खळं

माझ्या मामेभावाइतका स्वतःवर विश्वास असलेला माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. तो जबलपूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि पहिल्याच सुट्टीत बालाघाटला आमच्याकडे उतरून त्याने माझ्या आईचं शिलाई मशीन उघडलं. ते बिघडलेलं नव्हतं. "बिघडल्यावर तं कोणीबी खोलते, आत्या," तो म्हणाला. जोडून झाल्यावर काही स्क्रू उरले, तर "कंपनीनं जास्तीचे लावलते" असा निकाल देऊन त्याने ते खिशात टाकले. मशीन पहिल्यापेक्षा हलकं चालू लागलं, त्यामुळे त्याला रागवायचीही सोय राहिली नाही.

उकव्याच्या मँगनीज खाणीत त्याचं ट्रेनिंग झालं. तिथून तो काय शिकून आला ते तोच जाणे, पण जाड तळाचे बूट मात्र घेऊन आला. मग ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्याच्या पायांतून निघेनात. "इंजिनिअर बुटावरून ओळखू येते," असं त्याचं म्हणणं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून त्याने धान उफणायचा पंखा बनवला. सायकलसारखे पायडल मारायचे, म्हणजे वारा नसला तरी भुसा उडतो. कॉलेजात दाखवून भागलं असतं, पण याने परीक्षा घेणाऱ्या सरांनाच खैरलांजीजवळच्या आपल्या गावी बोलावलं. नापास झालास तर शिक्षण बंद आणि नांगर सुरू, हे मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी वारा औषधालाही नव्हता. स्वारी टाय लावून, बूट वाजवत निघाली, तोच खळ्याच्या कडेला मामी आडवी आली.

"जोडे काढ आंधी. खळ्यात लक्ष्मी हाय."

"अवं माय, पायडल बुटासाठीच बनवले ना!"

"मंग काहून बनवले तसे?"

बूट काढून तो अनवाणीच पायडल मारायला बसला. लहानपणापासून ज्या खळ्यात अनवाणी हुंदडला, तेच तो हिशेबात धरायला विसरला होता. बूट घसरू नयेत म्हणून पायडलला केलेले लोखंडी दात आता तळव्यांत रुतू लागले. चपला काढून उभे असलेले सर घड्याळ बघू लागले, मामा बैलांकडे बघू लागले. त्याने गळ्यातला टाय सोडला, तोंडात धरून फाडला, दोन्ही पायडलांना गुंडाळला आणि पुन्हा बसला. भुसा असा उडाला की सर डोक्यापासून पायापर्यंत पिवळे झाले.

"टाय डिज़ाइन का ही हिस्सा है, सर!" तो ओरडला.

"पास हो भाई, पहले इसे रोको!" सर खोकत म्हणाले.

पुढे तो दूरच्या पोलाद कारखान्यात मोठा साहेब झाला. मामी गेल्यावर बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं गावी गेलो. पंखा गोठ्यात होता, पायडलांवर टायच्या चिंध्या होत्या. खळ्याच्या जागी नुसतं गवत माजलं होतं. कडेला येताच तो थांबला आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"आता कोण हाय तुले अडवाले?" मी विचारलं.

"कोणीच नाही," तो म्हणाला. "म्हणून तं काढून राह्यलो."

मीही माझ्या चपला काढल्या आणि त्याच्यामागून गवतात शिरलो.