बुरुजाचं दार, माशाचं दार

नेपल्समधल्या तीन उमराव घराण्यांत मिळून गाडी एकच होती, आणि ती हाकणारा सबातीनोही एकच. एकट्यानं घोडे पोसायची ऐपत तिघांतल्या एकालाही उरली नव्हती. पण संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर मिरवलं नाही तर लोक काय म्हणतील! म्हणून वार वाटून घेतलेले. ज्याचा वार, त्याच्या घराण्याचं चिन्ह, कुणाचा बुरूज तर कुणाचा मासा, रंगवलेली दोन दारं सबातीनोनं गाडीला चढवायची. बत्तीस वर्षं त्यानं हे पोटात ठेवलं. वर इस्त्रीचा कोट आणि खाली ठिगळांची विजार घालून बसलेले मालक गाडीतून कधी उतरत का नाहीत, तेही कुणाला सांगितलं नाही. इमानी माणूस, पण मेला हट्टी! डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, त्याचीही वाच्यता नाही. सांगितलं असतं तर लगाम हातातून गेला असता.

त्या रविवारी बुरूजवाल्यांची एर्सिलिया दाखवायची होती. शेवयांचे कारखानदार आपल्या मुलासाठी तिला रस्त्यावरूनच बघणार होते. पोरगी एकोणतिशीची. हे स्थळ हुकलं तर नन होऊन मठात जाण्याखेरीज तिला दुसरी वाट नव्हती. सबातीनोनं तिला लहानपणी मांडीवर बसवून लगाम धरायला शिकवलं होतं. सकाळपासून बिचाऱ्यानं घोड्यांना तीनदा खरारा केला.

गाडी निघाली. चढायच्या बाजूला बुरूज होता, म्हणून घरच्यांच्या काही लक्षात आलं नाही. कारखानदारीणबाई खूश होऊन बघत राहिल्या. टोकाला जाऊन गाडी वळली आणि परतताना दुसरी बाजू त्यांच्यासमोर आली.

"अगं बाई! जाताना बुरूज होता, येताना मासा कसा झाला?"

"आई, ह्यांची तर दारंसुद्धा उसनी!" मुलगा म्हणाला, आणि अख्खा रस्ता खिदळला. कारखानदारांना उमरावकीचा किताब हवा होता, पण हसं झालेला किताब घेऊन ते करणार काय? स्थळ तिथल्या तिथे मोडलं.

घरी आल्यावर उमराव गरजले, "दारं कुणी लावली?"

"मी सांगितली तशीच लावली त्यांनी," एर्सिलिया म्हणाली. "घाईत चुकलं माझं."

वडील पाय आपटत वर गेले. एर्सिलिया तबेल्यात आली तेव्हा सबातीनो घोडे सोडत होता. "ताईसाहेब, मला नीट दिसत नाही हो. दोन वर्षं झाली."

"ठाऊक आहे, काका. रोज संध्याकाळी तुम्ही कपडे बदलायला गेलात की मी खाली येऊन दारं बघत होते. चुकलेली असली तर बदलत होते. आज शृंगाराला बसवलं, मला कुणी उठूच देईना."

"मग एखाद्या बाईला पाठवायचं होतंत!"

"पाठवलं असतं तर तुमच्या डोळ्यांचं घरभर झालं असतं."

सबातीनो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. त्यानं त्याच संध्याकाळी लगाम सोडला. ईस्टरच्या उपासांआधी एर्सिलिया मठात गेली, तेव्हा तिचं गाठोडं घेऊन तो पायी निघाला, आणि चढावर तिनंच त्याचा हात धरला.