सासऱ्यांविरुद्धचा डाव

दिवाळीत नणंदेचा नवरा साताऱ्याहून पोकरच्या चिप्सची पेटी घेऊन सांगलीला आला आणि आमच्या हॉलमध्ये सात जणांची स्पर्धा सुरू झाली. पैसे नव्हते, चिप्सवर नुसते आकडे. जिंकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, एवढंच बक्षीस. सगळ्यांना सारख्या चिप्स, त्या संपल्या की खेळातून बाहेर.

संध्याकाळी पाचला दोघंच उरलो, सासरे आणि मी. त्यांची उभी हयात हळदीच्या सौद्यात गेलेली. समोरच्याचा चेहरा ते भाव वाचावा तसा वाचतात. लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्यांच्या नजरेला नजर द्यायची म्हटलं की मी आधी खाली बघते.

एका डावात माझ्या हातात बदामाची दोन पानं होती आणि टेबलावरच्या सामाईक पानांत आणखी दोन. पाचवं बदाम आलं की रंग जुळणार आणि डाव माझा. ते आलंच नाही. हातात काहीच उरलं नाही, आणि मध्ये चार हजारांच्या चिप्सचा ढीग.

सगळ्या चिप्स एकदम पुढे ढकलाव्यात असं वाटलं. पण दुपारभर माझ्या लक्षात आलं होतं, की कोणी असं केलं की सासरे हसून म्हणायचे, "घाबरवतोय," आणि बरोबर पकडायचे. पानं खरंच चांगली असताना मी ढिगाच्या निम्मंच लावत आले होते. आत्ताही मोजून दोन हजार लावले.

ते बघत राहिले. नवऱ्याने चहा पुढे केला, तो घ्यायचंही धाडस होईना.

"एवढंसंच लावलंस? म्हणजे मी डावात राहावं अशी तुझी इच्छा आहे," ते म्हणाले आणि राजांची जोडी उलटी करून दाखवत पानं टाकून डाव सोडला.

मी माझी पानं घाईने गड्डीत मिसळली.

"खरं सांग, होतं ना काही?"

"होतं, बाबा."

का बोलले, कळत नाही. "सांगणार नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पुढचे डाव मला नीट दिसेचनात. ते मला मान देऊन पानं टाकायचे आणि प्रत्येक वेळी मला आणखी कानकोंडं व्हायचं. शेवटी हातात एकसारखी तीन पानं जुळलेली असताना मी भीतभीत अगदी थोडं लावलं. त्यांना पुढचं पान स्वस्तात बघायला मिळालं, त्यांचा रंग जुळला, माझ्या उरल्यासुरल्या चिप्स गेल्या आणि मी हरले.

सकाळी मी पोहे परतत होते. ते जिंकलेले, म्हणून दारातच उभे राहून चहा मागत होते. मी गॅस बारीक केला.

"बाबा, त्या डावात काही नव्हतं माझ्याकडे."

ते चौकटीला टेकले. मग म्हणाले, "दोन हजार लावलेस, तो खेळ झाला. फसलो मी, मजा आली. पण नंतर विचारलं ते सासरा म्हणून विचारलं होतं गं."

"चुकलं माझं."

"रात्रभर झोपली नाहीस वाटतं," म्हणत ते आत आले आणि ओट्यावरचं खोबरं खवायला घेतलं. नणंद ओरडली, "बाबा, आज तुम्ही आत यायचं नाही!" त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.