दोन पावलं मागे

नाशिकला आमच्या कॉलनीत घंटागाडीबरोबर कचरा न्यायला येणाऱ्या त्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. आमची बादली गाडीच्या कडेवर दोनदा आपटून त्या रिकामी करायच्या आणि कडी आमच्या बाजूला वळवून फाटकाशी ठेवायच्या. उन्हाळ्यात मी त्यांच्यासाठी गार पाण्याची बाटली कठड्यावर ठेवत असे. मी मागे सरल्याशिवाय त्या ती उचलत नसत.

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. निवृत्तीनंतर अस्पृश्यतेच्या उगमावर पुस्तक लिहायला घेतलं होतं. ती कधी सुरू झाली, कुणी केली, यावर जुन्या ग्रंथांचं काही जुळत नव्हतं. बाईंची ती सवय मला आयता पुरावा वाटली. एकदा विचारलंच, "हे लांब थांबणं तुमच्यात कुणापासून आलं? आजीपासून?"

त्यांनी तोंडावरचा रुमाल खाली केला. "आजीचं नाय ठाऊक, सर. बाकी गल्लीत मी हातातूनच घेते. इथं पहिल्या दिवशी तुम्ही बाटली ठेवली अन् दोन पावलं मागं सरले. मला वाटलं, तुमच्याकडं तसंच चालतं."

त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. मी मात्र मुळापासून हादरलो. मला तो पहिला दिवस आठवतही नव्हता.

दुसऱ्या सकाळी ठरवून फाटकाबाहेर उभा राहिलो आणि बाटली त्यांच्या हातात दिली. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. मीही खाली पाहिलं.

डावा पाय मागे गेला होता.