डॉर्कसने कळांमध्ये घेतलेलं नाव

डॉर्कस फेन परवा गेली. आमच्या नदीकाठच्या बायका आता म्हणतात, बाई मोठ्या मनाची होती. कसली मोठ्या मनाची! डूख धरावा तर डॉर्कसने, आणि मला ती आवडायची ती त्यासाठीच.

जहाजाचं भाडं नव्हतं, म्हणून ती ब्रिस्टलहून व्हर्जिनियात बांधील होऊन आली, म्हणजे भाड्यापोटी ठरलेली काही वर्षं मालकाकडे राबायचं. मीही तशीच आले होते. माझी मुदत संपली आणि मी पिंपं करणाऱ्या एका कारागिराशी लग्न केलं. तिची मुदत गिडियन हॅस्कॉटने विकत घेतली होती. तंबाखूची मोठी शेती, चर्चच्या पंचांत मानाची खुर्ची, रविवारी पुढच्या बाकावर ताठ मान. डॉर्कस सुटायला थोडेच महिने उरले आणि तिला त्याच्यापासून दिवस गेले. तिची मर्जी त्याने विचारली नव्हती.

बांधील बाईला मूल झालं की तिची मुदत वाढायची. बाप कोणी गडी निघाला तर त्याला चाबूक, आणि मुलाने मोठं होईपर्यंत मालकाच्याच घरी राबायचं. बापाचं नाव सुईणीने विचारायचं ते ऐन कळांत. त्या वेळी बाई खोटं बोलत नाही, असं सगळेच मानायचे, कोर्टसुद्धा.

हॅस्कॉटने तिला कोठारात गाठलं. "घोड्यांकडच्या सायमनचं नाव घे. तुझी वाढीव मुदत माफ करतो. माझं घेतलंस तर मुदत संपली तरी तुला पुन्हा विकतील, कायदाच आहे तसा."

"बरं, मालक," ती म्हणाली. "पण चार मोठ्या घरच्या बायकांनी ऐकलं तर बरं नाही का? उद्या कोणी शंका काढायला नको."

त्याला ते पटलं. मूर्ख मेला!

हे तिनेच मला सांगितलं. मी म्हटलं, "अगं, सायमन बिचारा गरीब. पाठ फोडून काढतील त्याची." ती मटार सोलत राहिली.

दिवस भरले तेव्हा हॅस्कॉटने स्वतःचे घोडे पाठवून बायका गोळा केल्या. पंचांच्या बायका आल्या, पाद्रीणबाई आल्या, मीही गेले. त्याची बायको लेटिसबाई डॉर्कसचा हात धरून बसली होती. दाराशी गरम पाणी घेऊन जूबा उभी. जूबा गुलाम, तिला सुटायची मुदतच नव्हती. तिच्या लेकीच्या हनुवटीला मधोमध खाच, हुबेहूब हॅस्कॉटसारखी. पण जूबाला बापाचं नाव कधी कोणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं असतं तरी ते कोर्टात चाललं नसतं.

सुईण ऑर्पा मावशीने हात मागे घेतले. "बोल पोरी, बाप कोण? बोलल्याशिवाय मी हात लावायची नाही."

"आल्या का सगळ्या?" डॉर्कसने दात आवळून विचारलं. "पाद्रीणबाई आल्या?"

"आल्या गं बाई! बोल आता!"

"गिडियन हॅस्कॉट!"

अशी ओरडली की खाली अंगणात उभ्या असलेल्या त्यालाही ऐकू गेलं.

"खोटं बोलते ही!" लेटिसबाई हात सोडवू लागली. डॉर्कसने तो सोडला नाही. मावशी दर कळेला विचारत होती आणि उत्तर तेच येत होतं. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या.

हॅस्कॉटची खुर्ची गेली, पोराच्या पोटापाण्याची हमी द्यावी लागली. डॉर्कसला चर्चच्या दारात पुन्हा विकलं. मी नवऱ्याच्या डोक्याशी भुणभुण लावली होती, त्यानेच बोली लावून तिला आमच्या घरी आणलं. पोर तिच्याजवळच राहिलं. त्याचं नाव तिने गिडियन ठेवलं.

मग दर रविवारी ती हॅस्कॉटच्या मागच्या बाकावर बसायची. प्रार्थना संपून सगळं शांत झालं की हिचा खणखणीत आवाज यायचा, "गिडियन! शेंबूड पूस!"

पहिल्यांदा थोरल्या गिडियनचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला. पाद्रीसुद्धा पुस्तकात तोंड लपवून हसला. दाराशी उभ्या जूबाला खोकल्याची मोठी उबळ आली.

पुढे हॅस्कॉटचे केस पिकले, काठी आली. एकदा घरी येताना मी म्हटलं, "पुरे कर गं आता. पोर केवढं झालंय, त्याचं नाक कुठे वाहतंय?"

"जूबाची लेक अजून त्याच्याच चुलीशी आहे ना?" डॉर्कस म्हणाली. "ती सुटेपर्यंत वाहणार."

ती पोर काही सुटली नाही. डॉर्कसने हाक मारायचं सोडलं नाही. हॅस्कॉटला पुरताना पाद्री क्षणभर थांबला, तेव्हाही तिने एकदा हाक मारली.