ढालीवरचा अंगठा

आमच्या रेडमध्ये ढाल कोणी घ्यायची ते देवीला विचारून ठरलं, हे मी सांगलीत कोणाला सांगत नाही. औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारी बाई मी. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायचं.

मोबाईलवरच्या त्या खेळात पाच जणांनी मिळून एका राक्षसावर चाल करायची, त्याला रेड म्हणतात. एकाने ढाल धरून पुढे उभं राहायचं आणि मार खायचा, एकाने मागून त्याचा जीव भरत राहायचं, बाकीच्यांनी वार करायचे. कोणतं पात्र घ्यायचं आणि कमावलेले गुण ताकदीत घालायचे की दमात, या सगळ्या जुळणीला बिल्ड म्हणतात. मी जीव भरणारी झाले, दिवसभर दुकानातही तेच करते. उरले चौघे: माझा धाकटा भाऊ, साताऱ्याचा चुलतभाऊ आणि त्याचे महाबळेश्वरला टॅक्सी चालवणारे दोन मित्र. त्या चौघांनाही तलवारच हवी होती. मार खायला कोणी तयार नव्हतं, आणि भांडणातच उन्हाळा सरत आला.

माझं माहेर कवठे महांकाळजवळ. तिकडे पाण्याची बोंब, त्यामुळे बोअर कुठे मारायची हेसुद्धा आधी देवीला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. जत्रेला सगळेच गावात आले होते, तेव्हा चुलतभावाने गमतीत काढलं की ढालीचाही कौल लावू. मला ते आवडलं नाही. देवावर माझा फार विश्वास आहे असं नाही, पण देवाची थट्टा करायला मी भिते. हे दोन्ही एकाच डोक्यात कसं राहतं ते मला विचारू नका.

गुरवाला आम्ही खेळ नीट समजावून सांगितला. तो हसला नाही. त्याने एकेकाचं नाव घेऊन कौल लावला. चुलतभावाचं डावं पडलं, त्याच्या मित्रांचंही डावंच पडलं. मग माझ्या भावाचं नाव घेतलं, आणि गुरवाचा हात मागे यायच्या आत उजवं फूल खाली आलं. गाभाऱ्यात वारा नव्हता. आम्ही हसलो, पण बाहेर आल्यावर.

निघताना गुरवाने बजावलं की कौलाने दिलेलं काम परक्याच्या हातात द्यायचं नाही, घरातच ठेवायचं. चुलतभावाने मान डोलावून चपला घातल्या. सोबत आलेली आई मात्र ते ऐकत उभी राहिली.

पुढे भाऊ सैन्यात लागला आणि त्याची नेमणूक उत्तरेला, बर्फात झाली. तिथे फोन लागला तर लागला. जाताना त्याने आपला जुना मोबाईल आईला दिला आणि माझ्या ढालीला परक्याचा हात लागू देऊ नकोस, असं मला हसत सांगितलं. ते माझ्यासाठी होतं, पण मनावर घेतलं आईने. पहिल्याच रविवारी मी माहेरी होते, आम्ही फोनवर खेळातला कोणीतरी अनोळखी ढालवाला बोलवायचं ठरवत होतो, तर आई चुलीपाशी हात पुसत म्हणाली, “मी धरती की.”

मी कपाळाला हात लावला. पण आईपुढे कोणाचं काय चाललंय? तिच्यासाठी मी भावाचं बिल्ड पार मोडलं. वार काढला, उडी काढली, सगळे गुण दमात आणि ढालीत घातले. राहिलं एकच बटण, त्यावर उजवा अंगठा दाबून धरायचा. चुलतभाऊ कुरकुरला, असला ढालवाला अख्ख्या खेळात नसेल म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी माहेरी जायची आणि आई माझ्या शेजारी जोत्यावर मोबाईल घेऊन बसायची. रेड संपली की विचारायची, “पडला न्हाई न्हवं?” हा खेळ आहे, यात पडलेला परत उठतो, हे मी तिला चिडून पुन्हा पुन्हा सांगितलं. ती हो म्हणायची आणि पुढच्या रविवारी तेच विचारायची. ती कोणाबद्दल विचारते ते मला कळत होतं, म्हणून तर चिडायचे.

मग एक रविवार असा आला की भावाचा फोन येऊन बरेच दिवस झाले होते. रेड सुरू झाली आणि आमची पार दाणादाण उडाली. तिन्ही तलवारी पडल्या, माझी शक्ती संपली, मीही पडले. आईचा ढालवाला एकटा उरला, जीव केसाएवढा. बिल्डचा हिशोब मला तोंडपाठ आहे. पुढच्या घावात तो जायलाच हवा होता. घाव बसला. तो उभा. दुसरा बसला, तिसरा बसला, तरी उभा. चुलतभाऊ फोनवर म्हणाला की खेळ अडकलाय. पण राक्षस तर हलत होता. अंगणात कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. आई मोबाईलकडे बघतच नव्हती, तिची नजर वाटेकडे लागली होती. रेडची वेळ संपली, आम्ही हरलो, आणि तो तसाच उभा होता. आईचा अंगठा मला धरून उचलावा लागला. नख पांढरंफटक पडलं होतं.

मी भ्याले. खरंच भ्याले. ते बिल्ड परत परत तपासलं. त्याला असं उभं ठेवील असं त्यात काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात दुकानात भावाचा फोन आला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “अक्का, रविवारी ढालीवर कोण हुतं?”

“आई,” मी म्हणाले.

तो म्हणाला, “त्या दुपारी पाय घसरला हुता. दोराला लोंबकळत हुतो लय वेळ. हात सुटायला पायजे हुता, सुटला न्हाई. आता उजवा अंगठा सरळ हुईना झालाय, एवढंच.”

आईच्या अंगठ्याचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि त्याच्या अंगठ्याचं आईला. चुलतभावाने नवीन, चांगलं बिल्ड सुचवलं, तर त्याला मी असं झाडलं की तो परत बोलला नाही. पुढच्या रविवारी जाताना दुकानातून मलमाची नळी घेतली. आईचा अंगठा सुजला होता. तिने तो पुढे केला, आणि मी चोळत राहिले, तेव्हा म्हणाली, “एवढं कशाला गं?”

मी दोघांच्या अंगठ्यांना पुरेल एवढं मलम लावलं.