पाळीवरचं ढेकूळ

"सूर्यास्त नवेगावबांधच्या तलावावरच दाखवतो," असं बायकोला ठणकावून सांगून मी नवी इलेक्ट्रिक गाडी जंगल बघत बघत केशोरीकडे वळवली, आणि तिथेच बॅटरीने मान टाकली.

रस्त्याकडेच्या घरातल्या धानाची शेती करणाऱ्या एका म्हाताऱ्याने न विचारताच खिडकीतून वायर ओढून दिली. "भरू द्या जी तिले. तवर कायले तोंड पाडून बसता? आमचा तलाव पाहा ना!"

वाटेत त्याने शेताच्या बांधावरचं एक ढेकूळ उचललं, दुसरं माझ्या हातात दिलं.

"हे कशाला?"

"पाळीवर रिकाम्या हातानं चढत नाही आमी. आज्या-पणज्यानं पाळ बांधली, आमी रोज बांधून राहिलो."

तलावाचं पाणी अडवणाऱ्या त्या मातीच्या पाळीवर चढलो आणि थबकलो. जंगलाच्या काठापर्यंत पाणीच पाणी, आणि त्यात अख्खा सूर्य उतरलेला. बायकोने तर चपला काढून तिथेच बसकण मारली.

मी ढेकूळ ठेवलं, ते घरंगळलं. म्हाताऱ्याने ते उचलून पुन्हा बसवलं, टाचेने दाबलं. "झालं. आता तुमचाबी तलाव."

नवेगावबांध राहूनच गेलं. बायको मात्र येईल त्याला सांगते, "केशोरीकडे आमचा एक तलाव आहे."